मनगटी घड्याळाचा जुना दाखला

रविवार, ८ फेब्रुवारी

प्रिय ताई,

तुझं पत्र पोचलं. कंबरदुखी कमी झाली हे वाचून बरं वाटलं. पिटुकलीचे पुढचे दोन दात पडले म्हणतेस, तर तिला सांग, मामाचेही लवकरच पडणार आहेत. बाबा फक्त सवड शोधताहेत. भावजींना नमस्कार. मी ठीक आहे. जेवतो, झोपतो, दिवसाआड दाढी करतो.

फोन का करत नाहीस, असं विचारलंस. फोनवर तू ‘हॅलो’ म्हणेपर्यंत माझा आवाज चढलेला असतो, हे तुलाही माहीत आहे. कागदावर निदान ओरडता येत नाही.

तर हो, कॉलेज सोडलं. तुला हे आईकडून कळावं असं माझ्या मनात नव्हतं, पण ती माझ्या आधी पोस्टात पोचली. बाबा बोलत नाहीत. म्हणजे माझ्याशी बोलत नाहीत, माझ्याबद्दल भरपूर बोलतात. काल आम्ही समोरासमोर जेवत होतो आणि ते आईला म्हणाले, “त्याला सांग, मीठ इकडे सरकव.” मी मीठ आईकडे दिलं, आईने त्यांच्याकडे. आई म्हणाली, “मी काय तुमची टपालपेटी आहे का?” कुणी हसलं नाही.

कारण विचारलंस. कारण सर.

तुला आमच्या कोशाचं धड माहीत नाही, म्हणून आधी ते सांगतो. सर आम्हाला भाषा शिकवायचे, आणि कॉलेजच्या ग्रंथालयाच्या वरच्या मजल्यावर त्यांचं शब्दकोशाचं काम चालतं. साधा कोश नाही. प्रत्येक शब्दाचा अर्थ काय, तो कुणी कसा वापरला आणि आला कुठून, हे सगळं त्यात. बावीस वर्षांत सर ‘म’पर्यंत आलेत. दुपारी आम्हा चार-पाच विद्यार्थ्यांना तिथे काम मिळायचं. जुनी पुस्तकं, मासिकं, लोकांची घरगुती पत्रं चाळायची. हवा तो शब्द सापडला की कार्डावर तो शब्द, ते अख्खं वाक्य, कुठल्या कागदावरचं, कुठल्या सालचं, हे उतरवायचं. ह्याला म्हणायचं दाखला. खाली उजवीकडे लिहिणाऱ्याची सही. डावीकडे दुसऱ्याची सही आणि तिच्यावर एकच शब्द, ‘पाहिले’. म्हणजे ह्या दुसऱ्या माणसाने मूळ कागद स्वतःच्या डोळ्यांनी बघून वाक्य ताडून घेतलं. ‘पाहिले’ नसेल तर कार्ड टोपलीत. सरांचा हा एकच कायदा. ते म्हणतात, “लिहिणाऱ्याची चूक होऊ शकते. पाहणाऱ्याची होत नाही. तो चुकला तर तो खोटं बोललेला असतो.”

‘पाहिले’ करणारी म्हणजे ती. तिचं नाव तुला माहीत आहे. इथे लिहीत नाही, कारण लिहायला घेतलं की हात थांबतो आणि शाई पसरते. आम्ही पोरं तिला खोडरबर म्हणायचो. आमच्या कार्डांवरचं जे काही जास्तीचं असेल ते ती खोडायची, आणि खोडून झालं की फुंकर मारायची. सहा वर्षं ती तिथे नोकरीला आहे, घरी आई आहे, दोघींची एक खोली आहे. ती माझ्याहून पाच वर्षांनी मोठी आहे, हे तू मागच्या पत्रात दोनदा अधोरेखित केलं होतंस. एकदा पुरलं असतं.

माझ्या वाट्याला शब्द आला होता ‘मनगटी घड्याळ’. मला वाटलं, ह्यात काय आहे? मनगटावरचं घड्याळ, झाला अर्थ, चला चहा प्यायला. सर म्हणाले, “अर्थ पोरालाही कळतो. तो आला कसा ते सांग.” मग खणत बसलो. घटी म्हणजे तळाला बारीक भोक पाडलेलं भांडं. ते पाण्यावर सोडायचं. भरून बुडालं की एक घटका झाली. आपण माणसाची ‘घटका भरली’ म्हणतो ते तिथलंच. घटिकेची घडी झाली, घडीचं घड्याळ झालं, मग ते भिंतीवर चढलं, तिथून उतरून साखळीला लटकून खिशात शिरलं आणि शेवटी पट्टा बांधून मनगटावर आलं.

वापर ऐकायला मला तिनेच घड्याळजींच्या दुकानात पाठवलं. “बोलू नकोस, फक्त ऐक,” म्हणाली. मला! तर हे घड्याळजी म्हणजे आमचे भिंगवाले काका. उजव्या डोळ्याला कायम भिंग, त्यामुळे माणसाकडे डाव्या डोळ्याने बघतात. मी एका गिऱ्हाइकाला विचारलं, “आजोबा, ह्याला तुम्ही काय म्हणता? मनगटी घड्याळ, हातघड्याळ, रिस्टवॉच?” आजोबा म्हणाले, “बंद पडलंय म्हणतो.” मी ते जसंच्या तसं कार्डावर लिहून नेलं. त्या दिवशी मी तिला पहिल्यांदा मोठ्याने हसताना पाहिलं.

आता मी काकांच्याच दुकानात काम करतो. पट्टे बदलतो, तबकड्या पुसतो, चावी फिरवून किती वेळ चालतं ते बघतो. काका म्हणतात, “कॉलेज सोडलेलं पोर आणि काच फुटलेलं घड्याळ. चालतात दोन्ही, पण धूळ आत जाते.”

भांडण कसं झालं ते सांगतो. एका दाखल्याचं मूळ पत्र सरांना बघायचं होतं. मी सांगितलं, ते दुकानातल्या एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकाकडे आहे आणि तो हातात देत नाही. “मग मला त्यांच्याकडे घेऊन चल.” मी म्हटलं, ते मुलाकडे गेलेत. “कुठे? कधी येणार?” अशी उलटतपासणी, सगळ्यांच्या देखत. माझ्या शब्दावर विश्वास नाही? माझं डोकं फिरलं. मी ‘म’चा खण ओढला आणि जमिनीवर पालथा केला. चार हजार कार्डं, ताई. टेबलाखाली, कपाटाखाली, जिन्यापर्यंत. “घ्या तुमचा पुरावा!” असं काहीतरी ओरडलो आणि निघालो ते परत गेलो नाही. वर्गातही नाही.

जाताना वळून पाहिलं तेव्हा ती गुडघ्यांवर बसून कार्डं गोळा करत होती. तिने मान वर केली नाही.

आता ती दुकानावरून जाते, पण रस्त्याच्या पलीकडून. तू बाई आहेस, सांग, बाई पलीकडून का जाते?

तुझा,
मानी भाऊ

*

शुक्रवार, २७ फेब्रुवारी

प्रिय ताई,

तुझं पत्र तीन दिवस खिशात घेऊन हिंडलो. आई विचारते, ताईने काय लिहिलंय? मी म्हटलं, पिटुकलीचे नवे दात दिसायला लागलेत. आईला तेवढं पुरलं. बाबांनी काल थेट मला उद्देशून शिंक दिली, ही प्रगती समज. दुकानात काम बरं चाललंय.

तू लिहिलंस, “सरांनी अपमान केला, खण पालथा केला, ती बोलत नाही, सगळं सांगितलंस. ते पत्र तू स्वतः पाहिलंस का, एवढंच दोन पानांत कुठे सांगितलं नाहीस.” लहानपणी काचेचा जग फुटला तेव्हाही तू असंच विचारलं होतंस. सगळे ‘कसा फुटला’ विचारत होते आणि तू ‘कुणी’.

नाही पाहिलं. कारण तसं पत्र नाहीच. म्हातारं गिऱ्हाईकही नाही. मी लिहिलं ते.

ताई, ऐकून घे. नंतर हवं तेवढं बोल.

तिचं ह्या शब्दाबद्दल एक म्हणणं होतं. आमच्याकडे ‘मनगटी घड्याळ’चा सगळ्यात जुना दाखला एका दुकानाच्या जाहिरातीतला. सरांना तो पुरेसा वाटत होता. ती म्हणायची, “जाहिरातवाला शब्द जन्माला घालत नाही, तो घराघरांतून तयार शब्द उचलतो. पुरुष खिशातलं साखळीचं घड्याळ मिरवायचे. मनगटावरचं म्हणजे त्यांच्या लेखी बांगडीच, बायकी दागिना. लढाईत हात मोकळे हवे झाले तेव्हा कुठे त्यांनी ते बांधलं. वस्तू आधी बायकांच्या मनगटावर आली, तर शब्दही आधी बायकांच्याच पत्रांत असणार. छापणारे सगळे पुरुष, त्यांना तो दिसला कसा असता?” हे सांगताना ती स्वतःचं मनगट दुसऱ्या हाताने धरायची. आठ महिने ती जुन्या घरगुती पत्रांची गाठोडी उपसत होती. डोळे लाल, बोटं धुळीने काळी. सर येता-जाता विचारायचे, “काय, सापडली का तुमची बाई?” टोमणा नव्हता, पण तिला लागायचं. एका संध्याकाळी ती म्हणाली, “कदाचित नसेलच असं पत्र. माझ्याच मनाचे खेळ.” आणि तिने गाठोडं बांधून वर ठेवून दिलं.

मला ते बघवलं नाही. तुला माहीत आहे, मला दुसऱ्याचं दुःख बघवत नाही असं मी म्हणतो. खरं म्हणजे मला थांबवत नाही. दुसऱ्या दिवशी मी कार्ड नेऊन दिलं. बायकोने नवऱ्याला लिहिलेलं पत्र, जाहिरातीच्या अकरा वर्षं आधीचं. वाक्य असं:

“आपण पाठविलेले मनगटी घड्याळ पावले. बांगड्यांच्या वर बांधिते, म्हणजे पाण्याने भिजत नाही. परंतु आपणांस येण्यास किती अवकाश आहे ते उगाच दर घटकेस दिसत राहते.”

एवढ्यासाठी मी तीन रात्री जुनी भाषा गिरवली. परीक्षेला एवढा अभ्यास केला असता तर बाबा मीठ स्वतःच्या हाताने देते.

ती वाचत होती आणि मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होतो. तिने दोनदा वाचलं. “मूळ?” असं विचारलं. मी म्हाताऱ्याची गोष्ट सांगितली. घड्याळाच्या डबीत घडी घालून ठेवलेलं पत्र, हात लावू देत नाही, मी दुकानात उभ्याने उतरवून घेतलं वगैरे. मला वाटलं होतं, ती म्हणेल, चल, मी येते. इतर कुणाच्याही कार्डाला तिने तेच केलं असतं. एकदा एका ओळीसाठी ती दोन बस बदलून गेली होती. तिने सरळ पेन काढलं आणि डावीकडे सही केली. पाहिले. मग हलकेच फुंकर मारली, खोडलं काहीच नव्हतं तरी.

मी त्या दिवशी घरी नाचत गेलो.

पुढे सरांनी कोशाची नमुना-पुस्तिका छापली. तिच्यात हा शब्द, हा दाखला आणि खाली तिचं टिपण, तिच्या नावासह. एका निवृत्त ग्रंथपालांचं पत्र आलं. संशय नव्हता बिचाऱ्यांना. त्यांना ते वाक्य इतकं आवडलं की मूळ पत्राचा फोटो भिंतीवर लावायचा होता. तिथून सरांचे प्रश्न सुरू झाले आणि मी खण पालथा केला. चिडलो होतो म्हणून नाही. सर पुढचा प्रश्न विचारणार होते आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. मला पळायचं होतं आणि पळताना लोकांनी मला मानी म्हणावं असंही वाटत होतं. तूही म्हणालीस. मागच्या पत्राच्या शेवटी मी स्वतःच तशी सही केली.

काल कोशाच्या कचेरीतले शिपाईमामा घड्याळाला पट्टा घालायला आले. त्यांच्याकडून कळलं. मी गेल्यावर सरांनी तिला सगळ्यांसमोर विचारलं, “मूळ तू पाहिलंयस ना?”

ती म्हणाली, “हो.”

सरांनी पुन्हा विचारलं नाही. ग्रंथपालांना कळवलं, मालक परवानगी देत नाहीत. तो दाखला मोठ्या कोशात घ्यायचा नाही असं ठरलं, आणि विषय मिटला. “बाई पहिल्यासारख्या काम करतात,” मामा म्हणाले, “फक्त हल्ली डबा खात नाहीत.”

माझ्यासाठी ती खोटं बोलली, ताई. जी स्वल्पविराम चुकला तरी कार्ड परत करायची. माझ्यामुळे ती त्या खोलीत रोज त्या खोट्याशेजारी बसते. मला तिला सोडवायचंय. काय करू? लवकर लिही. मला थांबणं जमत नाही.

तुझा,
भाऊ

*

रविवार, २२ मार्च

ताई,

पिटुकलीने पाठवलेलं चित्र मिळालं. मला एवढ्या मोठ्या मिशा का काढल्यात ते तिला विचार. आईला परवा जरा ताप होता, आता उतरलाय. काकांनी मला काटे बसवायला शिकवलं. आधी तासाचा, मग मिनिटाचा, सेकंदाचा सगळ्यात शेवटी. बाबा परवा माझ्याशी बोलले. “छत्री घेऊन जा,” म्हणाले. ऊन होतं. तरी घेऊन गेलो.

आता झालं ते सोडून लिहिण्यासारखं दुसरं काही उरलं नाही.

तुझ्या पत्रात दोन वाक्यं होती, एकाखाली एक. “सरांना खरं सांगून टाक. पण आधी तिला विचार, कारण आता ते खोटं तुझ्या एकट्याचं राहिलेलं नाही.” मी पहिलं वाक्य वाचलं आणि चपला घातल्या. दुसरं वाचलं नाही असं म्हणत नाही. डोळ्यांखालून गेलं. डोक्यात गेलं नाही. डोक्यात एकच चित्र होतं: मी सगळं माझ्यावर घेतलंय, सर थक्क झालेत, आणि ती खिडकीशी उभी राहून माझ्याकडे बघतेय. खऱ्यासाठी गेलो नव्हतो मी. तिने माझ्याकडे बघावं म्हणून गेलो होतो.

ती कचेरीत नव्हती, जेवणाची सुट्टी होती. सर एकटेच पट्टी लावून मुद्रितं तपासत होते.

“बस.”

“बसायला आलो नाही.”

“मग उभ्याने सांग.”

सांगितलं. पत्र खोटं, म्हातारा खोटा, वाक्य माझं. मोठ्याने सांगितलं, वर मान करून. आणि शेवटी म्हणालो, “तिचा ह्यात काहीही दोष नाही, सर. तिने फक्त माझ्यावर विश्वास ठेवला.”

सरांनी चष्मा काढला. काचा पुसून परत लावला.

“म्हणजे तिने मूळ पाहिलं नव्हतं.”

मी म्हणालो, “मूळ नव्हतंच, तर पाहणार काय?” आणि ताई, हे मी जिंकल्यासारखं म्हणालो. वकील म्हणतो तसं. तोंडातून निघून गेल्यावर मला ऐकू आलं.

सर म्हणाले, “ग्रंथपालांच्या पत्रानंतर ते कार्ड पुन्हा वाचलं तेव्हाच मला शंका आली होती. वाक्य फार नेटकं होतं. घरी लिहिताना माणूस कुठेतरी अडखळतो. म्हणून तिला मी एकदा विचारलं, आणि दुसऱ्यांदा विचारलं नाही. शंका असेल तर माणसाला गप्प बसता येतं. कळल्यावर नाही बसता येत. तू मला आता कळवलंस.”

“मग नाही कळलं असं समजा! मी जातो, मी आलोच नव्हतो.”

“तू अजून खण पालथा करतोयस,” ते म्हणाले. रागाने नाही. ते रागावले असते तर मला भांडता आलं असतं.

मग त्यांनी समोरच्या कपाटाकडे हात केला. तिच्या ‘पाहिले’ची अकरा हजार कार्डं आहेत तिथे. “ह्यातलं कुठलं पाहून केलेलं आणि कुठलं न पाहता, हे मला कोण सांगणार?”

“बाकीची सगळी खरी आहेत. मी शपथेवर सांगतो.”

“तुझ्या?”

एवढंच विचारलं. टोमणाही नव्हता, खरोखरच विचारत होते. मी दाराकडे वळलो.

दारापर्यंत आलो तेव्हा ते म्हणाले, “आणखी एक. तिचं म्हणणं बहुधा बरोबर होतं. शब्द घरातूनच आला असणार, कुठल्यातरी गाठोड्यात तसं पत्र असेलही. पण आता उद्या खरं पत्र सापडलं तरी लोक म्हणतील, हं, ते मागचंच प्रकरण. तिच्या नावाला चिकटलं ते. तुझं कुठे काही छापलेलं नाही.”

त्याच दुपारी त्यांनी तिला बोलावलं. आत काय झालं ते मामांनाही ठाऊक नाही. ती बाहेर आली, खणांच्या किल्ल्या टेबलावर ठेवल्या, आपला पाण्याचा ग्लास धुतला आणि गेली. तिची अकरा हजार कार्डं सुतळीने बांधून एका बाजूला ठेवली आहेत. दोन नवी मुलं पहिल्यापासून एकेक ताडून बघताहेत. ‘म’चा खंड दोन वर्षं पुढे गेला. प्रस्तावनेत तिचं नाव होतं ते काढलं. मामा हे सगळं सांगत होते आणि मी त्यांचा सैल झालेला पट्टा पुन्हा बसवत होतो. शेवटी काकांनी माझ्या हातातून घड्याळ काढून घेतलं.

चौथ्या दिवशी ती दुकानात आली. रस्ता ओलांडून. महिनाभर मी ह्याचीच वाट बघत होतो. काकांनी लगेच दुसरं भिंग शोधायला म्हणून पाठ फिरवली.

“सरांकडे जाण्याआधी मला का नाही विचारलंस?”

“तुला सोडवायला गेलो होतो.”

“मी अडकले होते असं कुणी सांगितलं तुला?”

“मामा म्हणाले, तू डबा खात नाहीस.”

ती हसली की काय, कळलं नाही. म्हणाली, “त्या खोट्यासकट मी तिथे राहायचं ठरवलं होतं. रोज थोडं थोडं. जमलंही असतं. सरांनीही ठरवलं होतं. तुझ्यासाठी आम्ही दोघांनी किती सांभाळून गप्प राहायचं शिकून घेतलं होतं, आणि तू आलास ओरडत.”

“पण तू सही का केलीस?” हे माझ्या तोंडून आलं. म्हणजे तिचाच दोष असल्यासारखं. मला माहीत आहे, तू वाचताना कपाळावर हात मारशील.

ती म्हणाली, “ते वाक्य मी दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचलं असतं तर सही करता आली नसती. म्हणून वाचलं नाही.”

भिंतीवरची सगळी घड्याळं चालू होती. 

“कुणासाठी लिहिलं होतंस ते?”

“तुझ्यासाठी.”

“मग मला लिहायचं होतंस,” ती म्हणाली. “कार्डावर कशाला?”

ताई, ह्याला उत्तर आहे का? मी सगळ्यांवर ओरडू शकतो. बाबांवर, सरांवर, बस उशिरा आली तर कंडक्टरवर. तिच्यासमोर उभं राहून चार साधे शब्द बोलायची हिंमत नव्हती, म्हणून मी कुठल्यातरी नसलेल्या बाईच्या तोंडून, तिच्या नसलेल्या नवऱ्याला बोललो. आणि तेही तिच्या कामाच्या आत शिरून. तिने जे सहा वर्षं निगुतीने स्वच्छ ठेवलं होतं नेमक्या त्याच जागी. दुसरी कुठली जागा मला सुचली नाही. ती जागाच मला आवडत होती, कारण ती तिथे असायची.

ती गेली. काका वळले आणि म्हणाले, “आज घड्याळांना हात लावू नकोस. झाडून काढ.” मी झाडून काढलं. दोनदा.

काल तिच्या खोलीवर गेलो. कुलूप नव्हतं, दार उघडंच होतं. आत नवे लोक होते, एक बाई फरशी पुसत होती. म्हणाली, मायलेकी गेल्या आठवड्यात गेल्या. कुठे, ते तिला माहीत नाही. जिन्याखालच्या बिऱ्हाडात विचारलं. त्यांना माहीत असावं, पण माझ्याकडे बघून त्यांनी नाही म्हटलं. मी आवाज चढवला नाही. चढवून काही होत नाही हे कळायला मला कुणाचं तरी अख्खं काम लागलं.

तू आता लिहिशील, खरं बोललास हे बरं केलंस. ते लिहू नकोस. खरं बोलून मी फक्त एक केलं, तिला खोटी ठरवली. आणि वय लहान आहे, पुढे सगळं नीट होईल, असंही नको. माझं होईलच नीट. बाबा पुन्हा बोलायला लागलेत, पुढच्या वर्षी दुसऱ्या कॉलेजात नाव घालतील, लोक म्हणतील पोरगं जरा तापट होतं. माझं काहीही गेलेलं नाही, हेच मला सहन होत नाही.

भावजींना हे वाचायला देऊ नकोस. पिटुकलीला पापा.

उत्तर दे, पण त्यात मला माफ करू नकोस. ते तुझ्या हातात नाही. जिच्या हातात आहे तिला आता मी लिहू शकतो, सगळं, साध्या शब्दांत, पहिल्या ओळीपासून. पत्ता नाही माझ्याकडे.

तुझा भाऊ